वेगळी टाकलेली खाट

गुलाब सोमकुवर पांढुर्ण्याच्या रेल्वे लायनीवर गँगमन होता. दोघांनी धरायचा रुळांखालचा लाकडी स्लीपर तो एकटा खांद्यावर घ्यायचा. रूळ सरकवताना गँगमधला एक जण ललकारी देतो आणि बाकीचे तिच्या तालावर सबलींना, लोखंडी पहारींना, जोर लावतात. ती ललकारी नेहमी गुलाबची असायची. वत्सला सौंसरहून लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यातलं सगळ्यात आधी तिच्या ओळखीचं काही झालं असेल, तर तो हा आवाज. घर लायनीपासून फार लांब नव्हतं. भाकरी थापता थापता आवाज यायचा, आणि सासू शांताबाई समोर नसली की वत्सला परातीकडे बघून हसायची.

दोघांचं चांगलं जमलं होतं. हे असं उघड सांगायची आपल्यात रीत नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं दुःख कळायचं नाही. दिवसभर उन्हात राबून आलेला गुलाब अंघोळ करून तसाच ओला चुलीपाशी येऊन बसायचा आणि तिच्या पाठीवर गार हात ठेवायचा. ती दचकायची, तो खूश व्हायचा. मंगला झाली, रांगून चालायला लागली, तरी शेजारणी चिडवायच्या, "काव वत्सले, तुहा नवरा तं अजून नवरदेवच हाय!"

गुलाबचे सांधे लहानपणी सुजायचे, ताप यायचा. शांताबाई निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची आणि चार-आठ दिवसांत पोरगं पुन्हा खेळायला जायचं. त्या तापानं जाताना त्याच्या काळजाची एक झडप खराब करून ठेवली आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात ते कळलं. आधी ललकारी मधेच तुटायला लागली. मग घरी येईपर्यंत दम लागायला लागला. मग आडवं झालं की श्वास पुरेना, तो भिंतीला टेकून बसून झोपायचा. एक दिवस लायनीवरच तो खाली बसला आणि तोंडातून लालसर फेस आला. गँगच्या लोकांनी त्याला ट्रॉलीवर घालून स्टेशनात आणलं.

आमल्याचा दवाखाना, नागपूरचा दवाखाना असं करत करत शेवटी रेल्वेनं त्याला मद्रासला धाडलं. सोबत वत्सला गेली. मंगला आजीपाशी राहिली. वत्सलेनं तोपर्यंत नागपूरच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. मद्रासला कोण काय बोलतं ते कळत नव्हतं. खुणेनं भात मागायचा, खुणेनं पाणी मागायचं. ऑपरेशन झालं. छाती मधोमध उघडून खराब झडप काढली आणि धातूची बसवली. शुद्धीवर आल्यावर गुलाबनं तिच्याकडे बघून ओठ हलवले. आवाज नव्हता, पण तिला कळलं. मंगलेचं विचारत होता.

सुट्टी व्हायच्या दिवशी हिंदी येणाऱ्या एका नर्सनं दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. मीठ कमी, ओझं उचलायचं नाही, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, ती एकही दिवस चुकवायची नाही, दर महिन्याला नागपूरला रक्त तपासायचं. शेवटी तिनं विचारलं, "और कुछ पूछना है?"

गुलाबनं वत्सलेकडे पाहिलं. वत्सलेनं आपल्या चपलांकडे पाहिलं.

"नहीं सिस्टर," गुलाब म्हणाला.

पुढे कितीतरी वेळा वत्सलेला वाटलं, की तेव्हा एवढं तोंड उघडलं असतं तर.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. गुलाबचे मामा कवडू मोहगावहून आले. म्हातारा गोष्टीवेल्हाळ. चहा घेता घेता त्यांनी शांताबाईला बाजूला घेतलं, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं बाजूला बोलणंही सगळ्या घराला ऐकू जातं.

"शांते, आमच्याकडे एक मास्तर होता. असंच काळजाचं आपरेशन झालं. घरी आला, बरा झाला. अन् एका राती बायकोजवळ गेला, तो तिथीच थंडा झाला. आता गुलाबले जप. काळीज म्हंजे काचेचं भांडं समज."

तो मास्तर कोण, कोणत्या गावचा, कोणी विचारलं नाही. असल्या गोष्टीला साक्षीदार लागत नाही.

त्याच संध्याकाळी शांताबाईनं गुलाबची खाट बाहेरच्या खोलीत टाकली आणि स्वतः आतल्या खोलीत वत्सला अन् मंगलेजवळ अंथरूण घातलं. म्हणाली, "त्याले हवा लागते." तिनं कवडूमामाचं बोलणं ऐकलं होतं. गुलाबनंही ऐकलं होतं. तिला वाटलं, थोडे दिवस असंच बरं. जखम ओली आहे.

जखम भरली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. खाट बाहेरच राहिली.

रेल्वेनं गुलाबला हलकं काम दिलं. प्लॅटफॉर्मवर पाणी पाजायचं. पॅसेंजर आली की बादली आणि ओगराळं घेऊन खिडकी-खिडकीशी जायचं. गँगचे जुने सोबती लायनीवरून जाताना हाक मारायचे, "काय गा गुलाब, बरा हाय ना?" तो मान हलवायचा आणि दुसरीकडे बघायचा. आता लायनीवर ललकारी दुसऱ्या कोणाची तरी होती. ती आली की तो उठून घरात जायचा.

अंघोळीला तो बनियन घालून बसायला लागला. गळ्यापासून खाली छातीभर उतरलेला व्रण त्यानं कोणाला दाखवला नाही, वत्सलेलाही नाही. त्याच्या छातीतून बारीक आवाज यायचा, लोखंडाची कडी हळूच लागावी तसा. घर शांत असलं की ऐकू यायचा. मंगला एकदा त्याच्या छातीला कान लावून म्हणाली, "बाबा, तुमच्या पोटात घडी वाजते!" सगळे हसले. गुलाबही हसला, पण त्यानंतर तो पोरीलाही फार जवळ बसू देईना.

वत्सला संत्र्यांच्या बाड्यात कामाला जायची. हंगामात बागांतून गाड्या यायच्या; बाया ढिगाभोवती बसून मोठी, मधली, बारीक फळं वेगळी करायच्या, खराब काढायच्या, तणसात गुंडाळून पेट्या भरायच्या. सगळ्या अंगाला संत्र्याचा वास लागायचा. पूर्वी ती घरी आली की गुलाब तिचा हात हुंगून म्हणायचा, "आज नागपुरी का देशी?" आता तो हात धरत नव्हता. ती ताट वाढायची, तो खाली बघून जेवायचा. ती मनाशी म्हणायची, आपण त्यांना नकोशा झालो. मद्रासला महिनाभर आपण बेडपॅन उचलले, घाण काढली. तेव्हापासून आपल्याकडे बायको म्हणून बघवत नसेल. असं काहीबाही तिच्या मनात यायचं. ते कोणाला सांगणार? सौंसरला आईला सांगायला गेली आणि दोन दिवस राहून न सांगताच परत आली.

एकदा शांताबाई मोहगावला भावाकडे गेली, मंगलेलाही घेऊन गेली. भर दुपार होती. गुलाबची ड्यूटी संपली होती. वत्सलेनं दार लोटलं आणि त्याच्या खाटेवर जाऊन बसली. किती दिवसांत ती त्या खाटेवर बसली नव्हती. तिनं त्याच्या शर्टाच्या गुंड्यांना हात लावला. त्यानं तिचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. दोघांनाही घाम आला होता. त्याच्या छातीतला आवाज भराभर वाजायला लागला आणि वत्सलेला कवडूमामाचा मास्तर आठवला. तिचं अंग आखडलं. ते त्याला कळलं. तो थांबला. मग त्यानं प्रयत्न केला, पण शरीर त्याचं ऐकेना. पुन्हा केला. मग भिंतीकडे तोंड करून पडला.

"अजी," वत्सला म्हणाली, "जाऊ द्या. होते असं."

"माह्यात काही राह्यलं नाही, वत्सला."

"असं नका म्हनू."

"त्या मद्रासवाल्यांनी छाती फाडली तवा मरद काढून फेकला." तो वळला नाही. "तू अजून जवान हाय. सौंसरले जा. दुसरं घर कर. मी काही म्हननार नाही."

ती उठली, गुंड्या लावायला त्याच्याकडे हात नेला. त्यानं तो झटकला. विहिरीवर जाऊन तिनं पाण्याचा गुंड भरला आणि तिथंच पायरीवर बसून राहिली. कोणी बाई आली की ती तोंडावर पाणी मारायची.

त्या दिवसापासून गुलाब बदलला. जो माणूस चढ्या आवाजात बोलत नव्हता तो भाजीतल्या मिठावरून ताट सरकवायला लागला. मग त्याच्या मनात दुसराच किडा शिरला. बाड्यात शालिकराम नावाचा मुकादम होता. पन्नाशी उलटलेला, नातवंडांचा आजा. बायांना गोष्टी सांगून हसवायचा म्हणजे हात भरभर चालतात. एक दिवस सगळ्या बाया अशाच हसत होत्या आणि वत्सलेनं मान वर केली तर बाड्याच्या फाटकाशी गुलाब उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. तिसऱ्या दिवशी तो सरळ आत आला.

"हासून झालं असंल तं चाल घरी," तो म्हणाला.

बायांचे हात ढिगावरच थांबले. शालिकराम उठून म्हणाला, "गुलाबभाऊ, बसा ना. पानी घ्या."

"पानी पाजाचं काम माहं हाय, तुमचं नाही."

वत्सलेनं पदर झटकला आणि त्याच्या मागे निघाली. राग तर आलाच होता. पण पुढे चालणाऱ्या त्या पाठीकडे बघताना तिला दिसलं, की वरच्या गल्लीच्या चढावर तो बाभळीपाशी उगाच थांबला, जणू चप्पल नीट करतोय. चढाचा दम लागेल म्हणून घाबरून तो आधीच थांबत होता. तिचा राग तिथंच जिरला आणि त्याजागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाड्यात गेली. बायांनी सरकून तिला ढिगाजवळ जागा करून दिली.

त्या साली बाजारात एका वैद्यानं तंबू ठोकला होता. तंबूवर पैलवानाचं चित्र. गुलाब तिथून पुड्या आणायला लागला. घरात कोणाला माहीत नव्हतं. पहाटे दुधातून तो काहीतरी घेतो एवढं शांताबाईनं पाहिलं होतं. तिला वाटलं ताकदीचं औषध असेल. काही दिवसांनी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग एक दिवस ड्यूटीवर नाकातून धार लागली आणि थांबेना. बादलीतलं पाणी लाल झालं. स्टेशन मास्तरांनी वत्सलेला बाड्यातून बोलावून घेतलं आणि पुढच्या गाडीनं ती त्याला घेऊन नागपूरला गेली.

तिथं त्याला दर महिन्याला तपासणारे डॉक्टर होते, विनायक बोकारे. केस पांढरे, बोलणं तोडकं. रक्त थांबलं, गुलाब पलंगावर पांढराफटक पडला होता. त्याचा शर्ट बदलताना वत्सलेला खिशात वैद्याच्या पुड्या सापडल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "गोळीसोबत दुसरं काय घेतलंस?"

गुलाबनं तोंड फिरवलं.

"अरे, रक्त आधीच पातळ ठेवलंय तुझं. त्यात असलं काही पडलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन जाशील. काय घेतलंस? आणि कशासाठी?"

गुलाबनं डोळे मिटले. त्याच्या पापण्यांखालून पाणी आलं. वत्सला पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं पदर डोक्यावर नीट ओढला. जन्मात कोणा परपुरुषासमोर जे बोलली नव्हती ते ती बोलली.

"साहेब, मी सांगते. मद्रासहून आल्यापासून ह्याइची खाट वेगळी हाय. लोक म्हनतात बायकोजवळ गेला तं काळीज बंद पडते. आमी घाबरलो. मंग एक डाव गेलो जवळ, तं ह्याइच्यानं झालं नाही. तवापासून हे असे झाले. त्या पुड्या त्याच्यासाठीच आनल्या असंल."

वॉर्डात शेजारच्या पलंगावरचा माणूस कूस बदलून पलीकडे वळला. डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसले. ते कधी बसत नसत.

"स्टेशनचा पूल चढतोस?" त्यांनी गुलाबला विचारलं.

"चढतो."

"दम लागतो? छातीत दुखतं?"

"पैले लागे. आता नाही."

"मग तुझ्या काळजाला बायकोची काही भीती नाही. जो पूल चढू शकतो तो हेही करू शकतो. पोटभर जेवून लगेच नको, दमून आल्यावर नको. दारू नको. घाई करू नका. दम लागला, धडधड वाढली तर थांबा, मग मला येऊन सांगा. बास." मग ते म्हणाले, "आणि जे झालं नाही म्हणतोस, ते काही गोळ्यांनी होतं. एक गोळी मी बदलून देतो. त्याहून जास्त ते भीतीनं होतं. ऑपरेशननंतर कितीतरी जणांना होतं. मरद-बिरद कोणी कापून ठेवत नाही छातीतून. झडप बदलली, माणूस तोच आहे."

गुलाबनं डोळे उघडले. "साहेब, हे आधी..."

"तू कधी विचारलं नाहीस." डॉक्टर उठले. मग जाता जाता, जरा हळू आवाजात म्हणाले, "आणि आम्हीही आपण होऊन सांगत नाही. तेही खरंच."

घरी आल्यावर वत्सलेनं दिवसाढवळ्या, शांताबाई सुपात डाळ निवडत बसली असताना, बाहेरच्या खोलीतली खाट ओढत आत नेली. खाटेचा पाय उंबऱ्याला अडला. तिनं तो उचलून पार केला.

"वत्सले," शांताबाई म्हणाली, "माह्या लेकाचा जीव घेशील."

"डॉक्टरसाहेबानं सांगतलं, आत्याबाई. काही होत नाही."

शांताबाईनं सूप खाली ठेवलं. आपलं आणि नातीचं अंथरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेलं. पुढे चार दिवस ती सुनेशी बोलली नाही.

लगेच काही सुरळीत झालं नाही. पहिले कित्येक दिवस दोघं नुसते बाजूबाजूला पडून राहायचे. पण वत्सला आता घाबरत नव्हती आणि त्याला ते कळत होतं. त्या छातीतल्या आवाजाची तिला सवय झाली. एक दिवस त्यानं आपण होऊन शर्ट काढला आणि तिचा हात व्रणावर ठेवला. तिथली कातडी चकचकीत होती, बाकीच्या अंगापेक्षा गार. "दुखते का?" तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला, "तुह्या हाताखाली नाही."

मग हिवाळा आला. तो अंगणात उन्हात उघड्या अंगानं अंघोळीला बसायला लागला. मंगला पाठीवर तांब्यानं पाणी घालायची आणि व्रणाला हात लावून विचारायची, "हे काय, बाबा?" तो म्हणायचा, "इथून मद्रासले रस्ता जाते." बाड्यात तो पुन्हा एकदा आला, शालिकरामला रामराम घातला, त्याच्याशेजारी बसून बिडी न घेता नुसतं बोलला. माफीचं काही म्हणाला नाही, पण शालिकरामनं जाताना त्याच्या पिशवीत फळं टाकली आणि ते दोघांनाही पुरलं. घरी येताना चढावर तो बाभळीपाशी थांबला नाही. वत्सला जरा मागे राहून बघत होती.

एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. एक हिवाळा आणि त्याच्या पुढचा थोडासा उन्हाळा.

चैत्रातल्या एका सकाळी पॅसेंजर उभी असताना गुलाब एका म्हातारीला खिडकीतून पाणी देत होता. ओगराळं त्याच्या हातून निसटलं. त्यानं ते उचलायला उजवा हात पुढे केला, हात आलाच नाही. तोंड एका बाजूला झालं. म्हातारीनं खिडकीतून आरडाओरडा केला. वत्सला पोहोचली तेव्हा त्याला बाकावर झोपवलं होतं. त्यानं तिला पाहिलं, बोलायचा प्रयत्न केला, शब्द होईना. त्याच गाडीनं नागपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

घरी आणला तेव्हा सगळी वस्ती अंगणात जमली होती. शांताबाई लेकाच्या अंगावर पडली होती. मग तिनं मान वर केली आणि सगळ्या बायांच्या देखत म्हणाली, "मी येगळी टाकली होती त्याची खाट! हिनं आत आणली! हिनं खाल्लं माह्या लेकाले!"

कोणी "असं नको म्हनू शांताबाई" म्हटलं नाही. कोणी वत्सलेकडे सरळ बघितलंही नाही. मंगला आईच्या पदराला धरून उभी होती, ती तेवढी वर बघत होती. वत्सलेला त्या घडीला रडूही आलं नाही. भंते वंदना म्हणत होते, सगळे हात जोडून होते, आणि तिच्या डोक्यात एकच: खरंच का?

हा प्रश्न तिला पुढे दिवसभर सोडायचा नाही. कामावर असली तरी, जेवताना असली तरी. त्या हिवाळ्यातली एकेक आठवण काढून ती तपासायची, पेटी भरताना फळ फिरवून बघावं तशी, कुठं डाग दिसतो का. आणि असं तपासता तपासता त्या आठवणीही नासायला लागल्या.

रेल्वेनं तिला नवऱ्याच्या जागी काम दिलं, तेच, पाणी पाजायचं. त्याच्या कागदांसाठी तिला नागपूरला जावं लागलं. काम आटोपल्यावर ती दवाखान्यात गेली आणि बोकारे डॉक्टरांच्या दाराशी बसून राहिली. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी तिला आत बोलावलं. त्यांना ती आठवत होती.

"साहेब, एकच इचाराचं हाय. माह्यानं झालं का?"

डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "बस. ऐक. धातूच्या झडपेवर कधी कधी रक्ताची गाठ धरते. ती सुटली आणि मेंदूत जाऊन अडकली. गोळी घेऊनही काही जणांना होतं. तो बाहेरच्या खोलीत एकटा झोपला असता तरी झालं असतं. संन्यासी असता तरी झालं असतं. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही."

"पक्कं?"

"पक्कं. हे मी कोणासमोरही सांगेन."

तेव्हा ती रडली. डॉक्टरांनी नर्सला पाणी आणायला सांगितलं. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग साहेब, पैलेपासूनच काही भेव नवतं? मद्रासहून आलो तवापासून?"

"जखम भरेपर्यंतचे दोन-तीन महिने सोडले तर, नव्हतं."

ती हिशेब करायला लागली नाही, पण चेहऱ्यावरून डॉक्टरांना दिसलं असावं. तो जिवंत होता, त्याच घरात होता, एका भिंतीपलीकडे होता, आणि ती सगळी वर्षं दोघांनी एका अनोळखी मास्तराच्या मरणाला भिऊन घालवली. त्याला डॉक्टरांकडे औषध नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

घरी येऊन तिनं शांताबाईला डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. शांताबाई ऐकून घेऊन म्हणाली, "डॉक्टर का घरात होता?"

दोघी त्याच घरात राहिल्या. दुसरीकडे जाणार तरी कुठं? सौंसरहून भाऊ न्यायला आला होता. वत्सला गेली नाही. मंगलेची शाळा इथं होती, काम इथं होतं, आणि म्हातारीला दुसरं कोणी नव्हतं. सासू चूल पेटवायची, सून बादली घेऊन स्टेशनात जायची. शांताबाईनं ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढली नाही, आणि परतही घेतली नाही. वस्तीतल्या काही बाया विधवा म्हणून तिला हळदीकुंकवासारख्या निमित्तांना बोलवायच्या नाहीतच, आता वाटेत दिसली तरी बाजूनं जायच्या.

काही वर्षांनी, दशक संपत आलं होतं तेव्हा, सौंसरची एक बाई पत्ता विचारत घरी आली. शकुंतला तिचं नाव. तिच्या नवऱ्याचं काळजाचं ऑपरेशन झालं होतं, आणि कोणीतरी तिला सांगितलं होतं की पांढुर्ण्यात एका बाईला त्या गोळ्यांची सगळी माहिती आहे. वत्सलेनं चहा टाकला. गोळी किती वाजता द्यायची, मीठ किती, रक्त कधी तपासायचं, सगळं सांगितलं. शांताबाई कोपऱ्यात वाती करत बसली होती, देवापुढच्या नाही, रॉकेलच्या चिमणीच्या.

शकुंतला जायला उठली, दारापर्यंत गेली आणि तिथंच रेंगाळली. पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडायला लागली.

"अजून काही इचाराचं हाय का, बाई?" वत्सलेनं विचारलं.

शकुंतला मान खाली घालून "नाही" म्हणाली.

"बस," वत्सला म्हणाली. "तू इचारनार नाही. मीबी इचारलं नवतं."

आणि तिनं सासूसमोर सगळं सांगितलं. स्टेशनचा पूल, जेवणानंतरचं, घाई न करण्याचं, गोळीमुळे होतं ते, भीतीमुळे होतं ते. लपवून, आडून काही नाही. शकुंतलेचे कान लाल झाले, पण ती एकेक शब्द पिऊन घेत होती. "अन् लोकाइचं आयकू नको," वत्सला शेवटी म्हणाली. "माहा नवरा तं गेला. पन त्या कारनानं नाही गेला. दिवस वाया घालवू नको, बाई."

शकुंतलेनं तिचे दोन्ही हात धरले आणि मग ती बाहेर पडली.

वत्सलेला वाटलं, आता म्हातारी काहीतरी बोलणार. शांताबाई या सगळ्या वेळात कोपऱ्यातून उठून गेली नव्हती. तिचे हात थांबले होते. सुनेकडे न बघता ती म्हणाली,

"त्या हिवाळ्यात तुमी दोघं हासत होते. मले भिंतीतून आयकू ये."

वत्सलेनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"मंगलेच्या कानावर गोधडी ओढत होती मी," शांताबाई म्हणाली. "अन् मनात म्हनत होती, लेक माहा किती दिसानं हासून राहिला."

तिनं अर्धी झालेली वात पुन्हा हातात घेतली. नजर कमी झाली होती. कापूस नीट पिळला जात नव्हता. वत्सला तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं तो तिच्या हातातून घेतला.